आईचा संशय : करणी नव्हे, मेंदूचा आजार



वस्तीत फिरताना आम्हाला एकच गाऱ्हाणे अनेक घरांत ऐकू येते. म्हातारी आई म्हणते, सुनेने माझे पैसे चोरले. रात्री तिला वारलेली माणसे दिसतात. घरच्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. कारण मात्र मेंदूत असते.

स्मृतिभ्रंश म्हणजे नुसते विसरणे नव्हे. संशय, भास, उदासी, चिडचिड, रात्रीची भटकंती हीही त्याचीच लक्षणे. १९०१ साली जर्मनीत डॉ. अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या बाईला तपासले. नवऱ्यावरचा संशय हे तिचे सुरुवातीचे ठळक लक्षण होते. पुढे आजाराला याच डॉक्टरांचे नाव मिळाले.

मग एकाला भास होतात, दुसऱ्याला का नाही? थोडे उत्तर जनुकांत आहे. जनुके म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या, शरीर घडवणाऱ्या सूचना. दोन भावंडांना अल्झायमर झाला आणि एकाला भास-संशय असला, तर दुसऱ्यालाही ते होण्याची शक्यता जास्त असते, असे अभ्यासांत दिसले आहे. एपीओई जनुकाचा चार क्रमांकाचा प्रकार मूळ आजाराचाच धोका वाढवतो. पण तो असूनही अनेकांना आजार होत नाही, आणि नसूनही काहींना होतो. रक्तदाब, साखर, तंबाखू, कमी ऐकू येणे, शिक्षण न मिळणे यांनीही धोका वाढतो. म्हणून 'खानदानातच वेड आहे' म्हणत मुलीचे स्थळ मोडू नका. जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरते, हे बाबासाहेबांनी नाकारले. आपणही नाकारू या.

घरी काय करावे? आईशी वाद घालू नका. तिच्यासोबत पैसे शोधा, मग विषय बदला. संध्याकाळी घरात उजेड ठेवा. दोन-चार दिवसांत अचानक बरळणे सुरू झाले, तर लघवीचा संसर्ग किंवा साखर कमी होणे असू शकते. त्याच दिवशी सिव्हिलला न्या. मेडिकलमधून स्वतःच झोपेच्या गोळ्या आणू नका. भास थांबवणाऱ्या काही औषधांनी अशा वृद्धांत पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढीच द्या. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

भूत उतरवतो म्हणून मारहाण करणारा भोंदू २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार ठरतो. आणि चोरीचा आळ सोसत सासूची सेवा करणाऱ्या सुनेला विहारात सगळ्यांसमोर सांगा : बाई, तुझा दोष नाही.