विश्लेषण : फुटबॉल क्लबचा मालक हात आखडता का घेतो? मुंबई, पुणे, गोव्याच्या चाहत्यांच्या रागामागचा हिशेब

यवतमाळच्या समता मैदानावर संध्याकाळी खेळणाऱ्या पोट्ट्यांच्या अंगावर लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, रेआल माद्रिद अशा सगळ्या जर्सी दिसतात. मुंबई सिटीची आकाशी जर्सी मात्र शोधावी लागते. क्लब वेगळे असले तरी जानेवारीत ट्रान्सफर विंडो उघडली की सगळ्यांची तक्रार एकच असते. बचावात भगदाड पडलंय, स्ट्रायकर जखमी आहे, आणि मालक खिशात हात घालायला तयार नाही.

ही तक्रार फक्त इंग्लंडच्या क्लबांपुरती नाही. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्येही ती ऐकू येते, फातोर्ड्यात आणि कोचीतही. पण लिव्हरपूलच्या मालकाची काटकसर आणि मुंबई सिटीच्या मालकाची काटकसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच मापाने मोजल्या की राग चुकीच्या ठिकाणी निघतो.

मुंबईच्या चाहत्यांचा राग कशाचा?

४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबई सिटीने मोहन बागानला त्यांच्याच घरात ३-१ असं हरवलं आणि इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) करंडक दुसऱ्यांदा जिंकला. एवढ्या यशानंतर संघ टिकवला जाईल, असं कुणालाही वाटलं असतं.

झालं उलटंच. मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानकडे गेला. कर्णधार राहुल भेके, तोही मुंबईचाच, बंगळुरूकडे गेला. पेरेरा डियाझ आणि नोगुएरा हे परदेशी खेळाडूही बंगळुरूलाच गेले. क्लबने नवे खेळाडू घेतलेच नाहीत, असं नाही. गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस आला, ग्रीसचा स्ट्रायकर करेलिस आला. पण विजेता संघ एका उन्हाळ्यात विस्कटला तो विस्कटलाच. पुढच्या हंगामात मुंबई सहावी आली आणि मार्च २०२५ मध्ये बाद फेरीच्या सामन्यात ५-० अशी हरली. समोर कोण होतं? बंगळुरूच.

'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' या मुंबईच्या चाहत्यांच्या गटाला हा पराभव किती झोंबला असेल, ते वेगळं सांगायला नको. क्लबच्या मागे तेव्हा सिटी फुटबॉल ग्रुप होता, म्हणजे मँचेस्टर सिटीचे मालक. जगातल्या सर्वात श्रीमंत फुटबॉल समूहांपैकी एक. मग चार खेळाडूंचे करार वाढवायला काय हरकत होती?

पैसा ओतला होता तेव्हा काय झालं?

हा प्रश्न पडायला कारण आहे, कारण याच मालकांनी एकदा सढळ हाताने खर्च केला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. उरलेला वाटा रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे राहिला. २०१४ पासून तोवर मुंबईकडे नावं मोठी होती, करंडक एकही नव्हता. पहिल्याच हंगामात युंगबर्ग आणि अनेल्का, २०१६ मध्ये दिएगो फोर्लान. फोर्लानच्या वर्षी संघ गुणतक्त्यात पहिला आला, पण उपांत्य फेरीत गळाला.

२०२० मध्ये नव्या मालकांनी वेगळा मार्ग धरला. एखादं वय झालेलं मोठं नाव आणण्याऐवजी त्यांनी जवळजवळ दुसऱ्याचा तयार संघच उचलला. एफसी गोव्याला घडवणारा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आला. पाठोपाठ गोव्याचे ह्युगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई आले. एकट्या बूमूसला करारातून सोडवण्यासाठी सुमारे १ कोटी ६० लाख रुपये मोजल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. युरोपात ही किरकोळ रक्कम. भारतात, जिथे बहुतेक खेळाडू करार संपल्यावर फुकटात क्लब बदलतात, तिथे ती मोठी ठरली. त्या हंगामात मुंबईने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. अंतिम सामना १३ मार्च २०२१ रोजी झाला, बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला गोल केला, आणि मैदान होतं गोव्याचं, फातोर्डा.

गोव्याच्या चाहत्याला ते कसं वाटलं असेल? लीग शील्ड पहिल्यांदा जिंकणारा संघ गोव्याचाच होता, २०१९-२० मध्ये. वर्षभरात तोच प्रशिक्षक आणि त्यातलेच खेळाडू दुसऱ्याच्या जर्सीत गोव्याच्याच मैदानावर करंडक उचलत होते. गोव्याने त्यानंतर ड्युरँड कप, सुपर कप जिंकले. आयएसएलचा करंडक अजूनही त्यांच्याकडे नाही.

म्हणजे पैसा टाकला की फरक पडतो. चाहते या बाबतीत चूक नाहीत.

मग मालक पैसा का टाकत नाहीत?

इंजिनिअरिंगच्या सवयीने थोडं ढोबळ गणित मांडून पाहू. अंधेरीच्या स्टेडियममध्ये सुमारे सात हजार लोक बसतात. प्रत्येक सामना फुल्ल गेला, सरासरी तिकीट ३०० रुपये धरलं आणि हंगामात घरचे १२ सामने झाले, तर गेटवरून येतात अडीच कोटींच्या आसपास. हे 'सगळं फुल्ल' धरून. प्रत्यक्षात तसं होत नाही.

आता बक्षीस. २०२१-२२ पासून करंडक जिंकणाऱ्याला ६ कोटी आणि लीग शील्डला साडेतीन कोटी. दोन्ही जिंकले तर साडेनऊ.

आणि खर्च? लीगने खेळाडूंच्या पगारावर मर्यादा घातली होती. मुंबईने दुहेरी यश मिळवलं त्या काळात ती प्रत्येक संघाला साधारण साडेसोळा कोटी होती. म्हणजे सगळं जिंकून, सगळी तिकिटं विकून १२ कोटी हाती येतात, आणि नुसते पगारच साडेसोळा कोटींपर्यंत जाऊ शकतात. प्रशिक्षक, विमानप्रवास, हॉटेलं, सरावाचं मैदान, युवा संघ, फ्रँचायझी शुल्क हे सगळं त्याच्या वर. प्रायोजक आणि लीगकडून येणारा वाटा थोडी भर घालतो, खड्डा बुजवत नाही. तो खड्डा दरवर्षी मालक स्वतःच्या खिशातून भरतो.

आपल्याकडच्या कापूस उत्पादकाला हे पटकन कळेल. बियाणं आणि खतावर किती घालायचं हे जूनमध्ये ठरवावं लागतं, भाव कळतो दिवाळीनंतर. फरक एवढाच की भारतीय फुटबॉलमध्ये गेली दहा-अकरा वर्षं भाव खर्चाच्या खालीच राहिलाय.

इंग्लंडमध्येही हेच कारण आहे का?

नाही, आणि गफलत इथेच होते. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्या क्लबलाही टीव्ही हक्क आणि सामायिक उत्पन्नातून १० कोटी पौंडांहून अधिक मिळतात, म्हणजे हजार-बाराशे कोटी रुपये. तिथे चाहता विचारतो, 'क्लबने कमावलेला पैसा कुठे गेला?' हा प्रश्न रास्त आहे, कारण तो पैसा तिकीट, जर्सी आणि टीव्हीच्या वर्गणीतून चाहत्याच्याच खिशातून आलेला असतो.

टॉटनहॅमचं उदाहरण घ्या. २०१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी एकही खेळाडू विकत घेतला नाही. ट्रान्सफर विंडोची पद्धत आल्यापासून उन्हाळ्यात असं करणारा तो प्रीमियर लीगमधला पहिला क्लब. सुमारे एक अब्ज पौंडांचं नवं स्टेडियम तेव्हा उभं राहत होतं. गंमत म्हणजे त्याच हंगामात संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत गेला. पण काटकसर सुरूच राहिली. उत्पन्नाच्या मानाने पगारावर सर्वात कमी खर्च करणाऱ्या क्लबांत टॉटनहॅमचं नाव येत राहिलं आणि अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांच्याविरोधात निदर्शनं वाढत गेली. मे २०२५ मध्ये युरोपा लीग जिंकूनही वातावरण निवळलं नाही. सप्टेंबरमध्ये लेव्ही पायउतार झाले, तब्बल २४ वर्षांनी.

लिव्हरपूलची गोष्ट अजून रंजक आहे, आणि लिव्हरपूलच्या मित्रांशी वाद घालायला उपयोगी! २०२४ च्या उन्हाळ्यात मुख्य संघासाठी त्यांनी फक्त किएझाला आणलं, साधारण एक कोटी पौंडांत. चाहते मालकांवर उखडले होते. त्याच संघाने एप्रिल २०२५ मध्ये लीग जिंकली. पुढच्या उन्हाळ्यात मालकांनी ४० कोटी पौंडांहून अधिक उधळले, इसाकसाठी साडेबारा कोटी पौंडांचा ब्रिटिश विक्रम केला, आणि शरद ऋतूत संघ १२ पैकी ९ सामने हरला. याचा अर्थ खर्च करू नये, असा नाही. मालक कंजूष आहे की हिशेबी, हे निकाल लागल्यावरच ठरवलं जातं, एवढंच.

तिथे नियमांचंही बंधन आहे. प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा दाखवता येत नाही. २०२६-२७ पासून नवा नियम येतोय. संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागेल. त्यामुळे १० कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला की वहीत दरवर्षी दोन कोटी चढतात आणि ते ओझं पाच वर्षं राहतं. 'एक घेऊन टाका ना' म्हणणं सोपं असतं.

ऋण काढून सण केला तर?

त्याचं उत्तर पुण्यात आहे. एफसी पुणे सिटीने २०१४ मध्ये त्रेझेगेला आणलं, २०१५ मध्ये मुटूला. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्हो आणि अल्फारो या जोडीच्या जोरावर संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत 'ऑरेंज आर्मी'चा आवाज घुमायचा. क्लब वाधवान समूहाचा होता. समूहाची डीएचएफएल कंपनी २०१८-१९ मध्ये आर्थिक संकटात सापडली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लबच बंद झाला. त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये करंडक जिंकला, नंतर थकलेल्या पगारांवरून तोही क्लब गोत्यात आला, खेळाडू घेण्यावर बंदी आली, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला गेला. पुण्याच्या चाहत्याने जिला आपलं म्हटलं, ती जागा सहा वर्षांत दोनदा गाव बदलून गेली.

महाराष्ट्रात ही पहिली वेळ नव्हती. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद केला. पुणे एफसी, मुंबई एफसी गेले. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. यांतले बरेच मालक पैसेवाले होते. फुटबॉलमध्ये घातलेला पैसा परत येत नाही, हे त्यांना कळलं होतं, इतकंच.

चाहत्यांच्या हातात काय आहे?

केरळ ब्लास्टर्सकडे पाहा. २०२४ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा दियामांताकोस आणि मधल्या फळीतला जीकसन सिंग हे दोघेही ईस्ट बंगालकडे गेले. त्या तोडीचे बदली खेळाडू आले नाहीत, संघ घसरला, प्रशिक्षकाला डिसेंबरमध्ये हटवलं. तेव्हा 'मंजप्पडा' या चाहत्यांच्या मोठ्या गटाने व्यवस्थापनाविरोधात उघड निषेध केला आणि तिकिटं घेण्या-विकण्यातून अंग काढलं. मोहन बागानच्या चाहत्यांनी क्लबच्या नावाआधी लागलेलं 'एटीके' काढायला लावलं, २०२३ मध्ये.

दोन्हीकडे स्टेडियममध्ये अंधेरीपेक्षा कितीतरी जास्त लोक येऊ शकतात. मालकाला ती रिकामी खुर्ची दिसते. सात हजारांच्या अंधेरीत बहिष्कार टाकला तर तोटा जेमतेम काही लाखांचा, आणि यवतमाळच्या चाहत्याचा बहिष्कार तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता पुढे काय?

जुलै २०२५ मध्ये आयएसएल थांबवण्यात आली, कारण आयोजक कंपनी आणि महासंघ यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपत होता. नव्या व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली, एकही बोली आली नाही. ऑगस्टमध्ये बंगळुरू आणि चेन्नईयिनने पहिल्या संघाचे पगारच थांबवले. आणि २०२५ च्या डिसेंबरअखेर सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. व्यावसायिक फेरविचार आणि लीगच्या भवितव्याबद्दलची अनिश्चितता, ही त्यांनी दिलेली कारणं. क्लब पुन्हा जुन्या मालकांकडे आला आहे.

दीड वर्षापूर्वी प्रश्न होता, 'अपुइयाला का सोडलं?' आता तो आहे, 'पुढचा हंगाम कोण भरणार?'

लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल, असं जाहीर झालं आहे. १४ क्लब, ९१ सामने, प्रत्येक जोडीत एकच सामना. म्हणजे घरचे सामने जेमतेम सहा-सात, गेटची कमाई त्याहून कमी. अशा हंगामासाठी कोणता मालक मोठा खेळाडू विकत घेईल, हे चाहत्यांनाही माहीत आहे. तरीही मुंबईचे चाहते बचावासाठी एक खेळाडू मागतच आहेत. यवतमाळहून कुणाला सामना पाहायचाच असेल तर धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस आहे. वेळापत्रक आल्यावर तिकीट लवकर काढा, वेटिंग मोठी असते.