हेडाचा हेवा

रंगभूमीवरचा मत्सर म्हटला की आपल्याला ऑथेल्लो आठवतो. मराठी प्रेक्षकाला देवलांचा झुंजारराव आठवेल, नाहीतर 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव. हा झाला पुरुषाचा मत्सर. बाईच्या मत्सराला मात्र आपल्या भाषेने एक खास शब्दच करून ठेवला आहे, सवतीमत्सर. बाई जळणार ती दुसऱ्या बाईवर, आणि तेही पुरुषापायी, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. हेन्रिक इब्सेनचं 'हेडा गाब्लर' वाचताना हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो.

हे नाटक डिसेंबर १८९० मध्ये छापून आलं आणि जानेवारी १८९१ च्या अखेरीस म्युनिकला त्याचा पहिला प्रयोग झाला. 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा घराबाहेर पडली त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. हेडा त्याच नॉर्वेतली, पण ती घराबाहेर पडत नाही. एकोणतीस वर्षांची, एका सेनापतीची मुलगी, नुकतीच यॉर्गन टेसमन या संशोधकाशी लग्न केलेली. टेसमन भला माणूस आहे. मध्ययुगातल्या ब्राबांट प्रांतातले घरगुती हस्तव्यवसाय हा त्याचा अभ्यासविषय! मधुचंद्राचा जवळजवळ सहा महिन्यांचा प्रवाससुद्धा त्याने ग्रंथालयं धुंडाळण्यात घालवला. नाटकाला नाव हेडा टेसमन न देता हेडा गाब्लर का दिलं, याचा खुलासा इब्सेनने एका पत्रात केला आहे. ती नवऱ्याच्या बायकोपेक्षा बापाची मुलगी जास्त आहे, हे त्याला सुचवायचं होतं. तिच्या घरात बापाची तसबीर आहे आणि त्याची दोन पिस्तुलंही. जनरलसाहेबांनी मुलीला घोडेस्वारी दिली, पिस्तूल चालवण्याची हौस दिली. पण ते घेऊन तिने पुढे करायचं काय, याचं उत्तर त्या समाजाकडे नव्हतं.

या घरात तिच्या शाळेतली एक मुलगी येते, थेआ एल्व्हस्टेड. घाबरट, भाबडी. शिक्षिका म्हणून एका बिजवराच्या घरी गेली आणि पुढे त्याचीच बायको होऊन राहिली. पण त्या आडगावी तिने एक काम केलं. आयलर्ट लव्हबोर्ग नावाचा बुद्धिमान पण दारूत बुडालेला माणूस तिने सावरला. त्याच्याबरोबर बसून ती लिहीत गेली आणि त्यातून त्याच्या नव्या पुस्तकाचं हस्तलिखित तयार झालं. आता तो शहरात आल्यावर त्याच्या काळजीने ती नवऱ्याचं घर सोडून निघून आली आहे. लोक काय म्हणतील, याचा विचार न करता!

हेडा नेमकी इथेच पोळते. लव्हबोर्ग एके काळी तिचाही मित्र होता. मैत्री फार पुढे जाते आहे असं दिसताच तिने त्याच्यावर पिस्तूल रोखून त्याला घालवून दिलं होतं. आपण भित्र्या आहोत, लोकनिंदेला घाबरतो, हे ती स्वतः त्याच्यापाशी कबूल करते. आणि शाळेत जिचे केस ती ओढायची, ते जाळून टाकीन म्हणून जिला धमकवायची, त्या थेआने हेच धाडस सहज करून टाकलं आहे. आपण किती दरिद्री आहोत आणि तू किती श्रीमंत, असं हेडा तिला बोलूनही दाखवते. हा सवतीमत्सर नव्हे, कारण लव्हबोर्ग मिळावा अशी हेडाची इच्छाच नाही. एका माणसाच्या आयुष्याला थेआने वळण दिलं, तसं काही आपल्या हातून घडावं, एवढीच तिची तहान. आपल्या भाषेत याला हेवा म्हणतात.

मग ती जे करते ते मात्र भयंकर आहे. लव्हबोर्गला डिवचून पुन्हा दारूकडे वळवते. त्या रात्री हरवलेलं हस्तलिखित टेसमनला सापडतं आणि हेडाच्या हाती येतं. लव्हबोर्ग उद्ध्वस्त होऊन समोर उभा असताना ती ते परत देत नाही. देते बापाचं एक पिस्तूल. तो गेल्यावर ती हस्तलिखिताची पानं शेगडीत टाकते, आणि ती टाकताना थेआचं मूल जाळते आहे असं म्हणते. ती स्वतः गरोदर असावी, याच्या सूचना इब्सेनने नाटकात पेरल्या आहेत, हे इथे ध्यानात ठेवावं. (नॉर्वेचा संगीतकार योहान स्वेन्सन याच्या बायकोने मत्सरापोटी त्याची सिंफनी जाळली आणि ही हकिकत इब्सेनच्या मनात होती, असं सांगतात. पण तिथे मत्सराचं कारण नेहमीचंच होतं.)

हे नाटक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हेडाचा राग आला होता, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. टेसमनच्या बिचाऱ्या आत्याने सुनेला आपल्यासोबत फिरताना लाज वाटू नये म्हणून नवी टोपी घेतली, तर ती मोलकरणीची समजल्याचा बहाणा करून ही तिला दुखावते. याला काय म्हणावं? पण त्या घरातल्या बाकीच्या बायका पाहा. आत्याचं आयुष्य भाच्याला वाढवण्यात आणि आजारी बहिणीची सेवा करण्यात गेलं. मोलकरीण बर्टे तर चाकरीतच म्हातारी होत आली. थेआ लेखनिक. प्रत्येकीच्या वाट्याला कोणाची तरी सेवा आहे, आणि त्या तिच्यात समाधानी आहेत. हेडाला सेवा नको, आणि सेवेवाचून बाईला त्या दिवाणखान्यात जागा नाही. १८८२ मध्ये नॉर्वेच्या विद्यापीठात पहिली विद्यार्थिनी दाखल झाली होती, १८८८ च्या कायद्याने विवाहितेला आपल्या कमाईवर हक्क मिळाला होता. पण कमाई करणं हे सेनापतीच्या मुलीच्या स्वप्नातही नव्हतं. सगळ्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळायला तर १९१३ उजाडावं लागलं.

शेवटच्या अंकातला एक प्रसंग मला सगळ्यांत बोचरा वाटतो. लव्हबोर्ग मेला आहे, आणि तोही हेडाने मनाशी रंगवलेल्या सुंदर मरणाने नव्हे, तर एका बदनाम घरात, अपघातासारखी गोळी सुटून. पिस्तूल कोणाचं, हे न्यायाधीश ब्राकने ओळखलं आहे आणि त्या गुपिताच्या जोरावर तो हेडाला मुठीत ठेवू पाहतो आहे. इकडे थेआने जपून ठेवलेल्या टिपणांवरून ते पुस्तक पुन्हा उभं करायला ती आणि टेसमन शेजारी शेजारी बसले आहेत. कालपर्यंत लव्हबोर्गजवळ बसणारी थेआ आज टेसमनजवळ! पुस्तक पुन्हा एका पुरुषाचंच, आणि टिपणं जुळवणारी पुन्हा तीच. हेडा जवळ येते, थेआच्या केसांतून हलकेच बोटं फिरवते आणि विचारते, माझी काही मदत होण्यासारखी आहे का? टेसमन मानही नीट वर न करता सांगतो, काही नाही. तू आपली ब्राकसाहेबांशी गप्पा मारत बैस.

ती आतल्या खोलीत जाते, पियानोवर एक बेभान नाचाची धून वाजवते. टेसमन तिला गप्प करतो, घरात आत्याच्या बहिणीचं सुतक आहे ना! थोड्या वेळाने दुसऱ्या पिस्तुलाचा आवाज येतो. ती पुन्हा पिस्तुलांशी खेळते आहे, असंच टेसमनला आधी वाटतं.