पार्किन्सन्स नुसत्या कंपावरून ओळखत नाहीत

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीशेजारी दिल्ली हाट आहे, आयएनएचं मेट्रो स्टेशन आहे, आणि त्याच्या पुढचंच स्टेशन एम्स. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांना हा शेजार मोठा आधार वाटतो. गावाकडचे आईवडील तपासणीसाठी लेकाकडे किंवा लेकीकडे उतरतात. पण रुग्णालय जवळ असून भागत नाही. डॉक्टर काय तपासतात आणि का, हे घरच्यांना ठाऊक असलं तर तपासणीतून बरंच जास्त हाती लागतं. पार्किन्सन्सच्या बाबतीत हे विशेष खरं आहे, कारण या आजाराचं निदान आणि उपचाराची दिशा मुख्यतः रुग्णाच्या हालचाली नीट पाहण्यावर ठरते.

गैरसमज : हात थरथरत नाही, म्हणजे पार्किन्सन्स नाही.

वस्तुस्थिती : हालचालींच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2015 मध्ये निदानाचे निकष ठरवून दिले. त्यांत हालचालींतला मंदपणा असायलाच हवा. त्याच्या जोडीला विश्रांतीतला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा यांपैकी किमान एक गोष्ट हवी. म्हणजे कंपाशिवायही हा आजार असू शकतो, आणि अनेकांना सुरुवातीला कंप नसतोच.

सुरुवात बहुधा शरीराच्या एका बाजूने होते. चालताना एकच हात हलेनासा होतो. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. खांदा दुखतो, मग फ्रोझन शोल्डर समजून महिनोन्‌महिने शेक आणि व्यायाम चालतात. लिहिताना ओळीच्या शेवटी अक्षर बारीक होत जातं. निवृत्त माणसाची पेन्शनच्या कागदावरची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळेनाशी होते. ‘वय झालं’ म्हणून हे सगळं सोडून दिलं जातं आणि निदान लांबतं.

गैरसमज : हात थरथरतो, म्हणजे पार्किन्सन्सच.

वस्तुस्थिती : पार्किन्सन्सचा कंप हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना जास्त दिसतो, सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा. कप उचलताना किंवा लिहिताना वाढणारा कंप बहुतेकदा वेगळ्या विकाराचा असतो, आणि तो घराण्यात चालत आलेलाही असू शकतो. म्हणूनच डॉक्टर रुग्णाला उलटे आकडे मोजायला लावतात आणि स्वतः त्याच्या हाताकडे बघत बसतात. मन दुसरीकडे गुंतलं की दबलेला कंप वर येतो.

काही औषधांमुळेही हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसतात. चक्कर किंवा अर्धशिशीसाठी दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, पोटाच्या तक्रारींवरच्या गोळ्यांतलं लेव्होसल्पिराइड ही त्यांतली नेहमीची नावं. ही औषधं हालचालींसाठी लागणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या कामात अडथळा आणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवली की त्रास बऱ्याचदा ओसरतो, पण त्याला काही आठवडे किंवा महिने लागू शकतात. तेव्हा घरात चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी, ‘साधी गॅसची’ समजून घरी ठेवलेलीसुद्धा.

गैरसमज : एमआरआय काढला की निदान पक्कं.

वस्तुस्थिती : पार्किन्सन्समध्ये नेहमीचा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. तो काढतात तो पक्षाघात, मेंदूत साठलेलं पाणी, गाठ अशी इतर कारणं बाजूला काढण्यासाठी. डोपामिनचं स्कॅन संदिग्ध प्रसंगी मदत करतं, पण पार्किन्सन्स आणि त्याच्यासारखे दिसणारे काही दुर्मीळ आजार यांतला फरक तेही खात्रीने सांगू शकत नाही. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला तो सहा जणांच्या निरीक्षणावरून, आणि त्यांतले काही त्यांना लंडनच्या रस्त्यावर दिसले होते. दोनशे वर्षांनंतरही निदानाचा पाया जाणत्या नजरेचं निरीक्षण हाच आहे.

गैरसमज : बोटं आपटायला आणि चालायला लावणं ही वरवरची तपासणी.

वस्तुस्थिती : जगभर वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीचा हा भाग आहे. 2008 मध्ये सुधारलेल्या या मोजपट्टीतल्या हालचालींच्या विभागात 33 नोंदी होतात. प्रत्येकीला 0 ते 4 गुण, एकूण 132. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त.

अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा, शक्य तितक्या वेगाने आणि मोठी उघडून आपटायला सांगतात. इथे वेगाइतकंच महत्त्व असतं ते बोटांमधलं अंतर हळूहळू कमी होतं का, मध्येच अडखळायला होतं का याला. हात सैल सोडायला सांगून डॉक्टर मनगट आणि कोपर फिरवतात, ते ताठरपणा जोखण्यासाठी. हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला लावतात. चालताना पावलांची लांबी, टाच टेकते का, हात हलतात का आणि वळायला किती पावलं लागतात, हे पाहतात. शेवटी मागे उभं राहून, आधी कल्पना देऊन, खांदे झटकन मागे ओढतात. एकदोन पावलांत सावरणं ठीक; जास्त पावलं लागली किंवा तोल गेला तर पडण्याचा धोका लक्षात येतो. ही चाचणी घरी करून पाहू नये.

गैरसमज : तपासणीच्या दिवशी बाबा छान चालले, म्हणजे सगळं ठीक आहे.

वस्तुस्थिती : वेळेची नोंद नसेल तर तपासणीतले गुण अपुरे ठरतात. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा परिणाम चढतो आणि काही तासांत उतरतो. आजार जुना होत जातो तसा हा चढउतार ठळक होतो. तोच माणूस सकाळी दहाला झपझप चालेल आणि दुपारी एकला त्याला खुर्चीतून उठता येणार नाही. त्यामुळे शेवटचा डोस घेऊन किती मिनिटं झाली, हे मोजपट्टीतच नोंदवायचं असतं. औषध चढलेलं असताना अंग आपोआप वळवळतं ते बहुधा औषधाच्या परिणामामुळे. त्याला कंप समजून गोळी वाढवली तर त्रास वाढेल. काही वेळा, उदाहरणार्थ मेंदूतल्या शस्त्रक्रियेचा विचार चालू असताना, रात्रीपासून औषध न घेता तपासणीला बोलावतात. पण तसं डॉक्टरांनी सांगितलं तरच. मनानेच लेव्होडोपा एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : डॉक्टरांना दिसेल तेवढं पुरे, घरच्यांनी मध्ये पडू नये.

वस्तुस्थिती : डॉक्टरांसमोर रुग्ण सगळं लक्ष एकवटून चालतो, आणि ओपीडीच्या मोकळ्या जागेत पाय अडत नाहीत. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात ते घरी, बाथरूमच्या दारात, पलंगाजवळच्या अरुंद जागेत, घाईने वळताना. हे घरच्यांशिवाय कोण सांगणार? सुरक्षित जागी, रुग्णाला विचारून, मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ इथे फार उपयोगी पडतो.

तपासणीला जाण्याआधी तीन दिवसांची साधी नोंद ठेवा : गोळी केव्हा घेतली, परिणाम केव्हा जाणवला, केव्हा ओसरला, कुठे पाय अडला, कधी पडले. बद्धकोष्ठता, वास न येणं, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं हेही लिहा. ही लक्षणं कधीकधी हालचाल मंदावण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात. आणि खोलीत गेल्यावर बाबांना ‘नीट चाला’ असं सांगू नका. ते एरवी जसे चालतात तसंच डॉक्टरांना दिसायला हवं, कारण पुढचा डोस त्यावरच ठरणार असतो.