पिसं झडली म्हणून कोंबडी विकू नका

धानाची मळणी आटोपली, तणसाचे ढीग लागले आणि डिसेंबरच्या ऐन थंडीत आमची काबरी उघडी पडली. आधी मान, मग छाती, पाठ. शेपटी तर एका रात्रीत गेली. सकाळी खुराड्यात इतकी पिसं होती की मांजर शिरलं असंच वाटलं. अंडी पंधरा दिवसांपासून बंद. शेजारच्या खाला म्हणाल्या, "आता हिच्यात काही राहिलं नाही. जुम्म्याला कापा, नाहीतर बाजारात द्या."

दोन वर्षांपूर्वी आम्ही हेच केलं होतं. मिळेल त्या भावात कोंबडी दिली आणि फेब्रुवारीत तिचीच अंडी त्या घरून विकत आणली!

भंडाऱ्याकडे जूनमध्ये १३ तासांहून मोठा असलेला दिवस डिसेंबरात ११ तासांच्या आत येतो. दिवस लहान होऊ लागला की वर्षाच्या वरची कोंबडी जुनी पिसं टाकते. अंडी थांबतात, कारण सगळी ताकद पिसांकडे जाते. यातली खरी गोष्ट बाजारात कोणी सांगत नाही. कमी अंडी देणारी कोंबडी पिसं लवकर टाकू लागते आणि महिनोन् महिने रेंगाळते. चांगली अंडी देणारी शेवटपर्यंत अंडी देत राहते, उशिरा आणि एकदम झडते. म्हणून थंडीत उघडी दिसणारी बहुधा घरातली कामाचीच असते.

आता खाणं. पिसाचा ८० ते ८५ टक्के भाग प्रथिनांचा. आपण टाकतो कणी आणि कोंडा. तांदळात प्रथिनं जेमतेम ७-८ टक्के. त्यावर पिसं कशी यावीत? आम्ही काबरीला रोज मूठभर दाण्यात चमचाभर सुकट कुटून देतो, कधी उकडलेलं अंडं, कधी शेंगदाण्याची ढेप. ढेपीला बुरशीचा वास आला तर ती फेकाच, त्या बुरशीच्या विषाने कोंबड्या मरतात. सकाळचं पाणी कोमट असावं.

खुराड्यात तणसाचा जाड थर घालावा, ओला झाला की बदलावा. वाऱ्याच्या बाजूला बारदाना बांधावा, पण वर हवेला फट ठेवावी. सगळं प्लास्टिकने बंद केलं तर विष्ठेचा उग्र वास कोंडतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको. नव्या पिसांचे कोंब सुईसारखे असतात आणि त्यांत रक्त असतं. हात लागला तरी दुखतं, म्हणून मुलांना तिला उचलू देऊ नका. दुसऱ्या कोंबड्या टोचत असतील तर वेगळ्या डाल्याखाली ठेवा.

मात्र प्रत्येक झडणं हे झडणं नसतं. खुडूक कोंबडीचं फक्त पोट उघडं पडतं. पिसांच्या मुळाशी उवा दिसल्या तर इलाज वेगळा. कोंबडी मलूल, विष्ठा हिरवट, मान वाकडी, असं असेल तर राणीखेतचा संशय घ्यावा, तिला बाकीच्यांपासून लगेच दूर करावं आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

काबरीला सहा आठवडे झालेत. मान भरली, शेपटी बोटभर आली. काल ती अंड्याच्या टोपलीत जाऊन बसली होती. अंडं नव्हतं. खाला मात्र आता दोन अंडी आधीच सांगून ठेवताहेत.