ओळखीचे चार, बाकीचे बहुतेक बिनविषारी

महाराष्ट्रात माणसाला प्रामुख्याने धोका चार सापांचा: नाग, मण्यार, घोणस, फुरसे.

• नाग, मण्यार: विषाचा परिणाम मुख्यतः मज्जासंस्थेवर. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्यांना चावते, वेदना आणि सूज बरेचदा नगण्य. म्हणून उपचाराला उशीर होतो.

• घोणस, फुरसे: रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते आणि थेट पिल्ले देते. फुरसे लहान, कोकणात विशेष.

• बिनविषारी: धामण, दिवड, तस्कर, कवड्या, अजगर. धामण उंदीर फस्त करते, तरी नाग समजून मारली जाते.

• कवड्या की मण्यार? कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीचे उलट. खात्री नसेल तर दूरच राहावे.

• साप दूध पीत नाहीत, डूख धरत नाहीत. त्यांना बाह्यकर्ण नसतात. पुंगीवर नव्हे, तिच्या हालचालीवर नाग डोलतो.

• दंश झाल्यास: चिरा देणे, विष चोखणे, आवळून बांधणे टाळावे. अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनते, या चारही विषांवर चालते.

• वन्यजीव संरक्षण कायदा, 1972: नाग, घोणस, धामण, अजगर संरक्षित.