भांडवलशाही म्हणजे काय?

'भांडवलशाही' हा शब्द आपण सभांतून, वर्तमानपत्रांतून नेहमी ऐकतो. बाजार म्हणजेच भांडवलशाही, अशी अनेकांची समजूत असते. परंतु ती बरोबर नाही. बाजार फार पूर्वीपासून आहे. आपल्या मार्गासनी भागातील लहान शेतकरी घरापुरते भात ठेवतो, उरलेले विकतो आणि त्या पैशांतून तेल-मीठ, कापड घेतो. ही विक्री गरजेपोटी होते. भांडवलदार मात्र पैशातून अधिक पैसा मिळावा म्हणूनच पैसा गुंतवितो आणि नफा पुन्हा धंद्यात घालतो.

या व्यवस्थेची मुख्य लक्षणे चार आहेत :

१) जमीन, यंत्रे, कारखाने ही उत्पादनाची साधने खाजगी मालकीची असतात.
२) उत्पादन नफ्यासाठी होते.
३) काय व किती निर्माण करायचे, हे बाजारातील मागणी, किंमत आणि स्पर्धा यांवरून ठरते.
४) ज्याच्याजवळ साधन नाही, तो आपले श्रम मजुरीवर विकतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत ही चारही लक्षणे दिसतात. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली गिरणी स्थापन केली. पुढे खेड्यापाड्यांतून हजारो माणसे तेथे गेली. त्यांत आपले पूर्वजही होते. गावात बलुत्यासाठी हात पसरावा लागे. गिरणीत रोख पगार मिळू लागला. हा भांडवलशाहीचा लाभ नाकारता येणार नाही. परंतु तेथेही जात सुटली नाही. विणकाम खात्यात पगार जास्त होता. मात्र धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळतो, या सबबीखाली अस्पृश्यांना तेथे घेत नसत. म्हणजे नफ्याची व्यवस्था आपोआप समता आणीत नाही.

म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ते केवळ बोलून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मागणी केली.

मालकी आणि श्रम यांतील अंतर किती मोठे असते, हे १९८२ च्या संपाने दाखविले. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, अनेकांची नोकरी कायमची गेली. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, पण जमिनीची किंमत वाढतच राहिली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी आज मॉल उभा आहे. जमीन मालकाची होती. कामगाराजवळ फक्त त्याचे हात होते.

आज आपली मुले शिरवळ, खेड शिवापूरच्या कारखान्यांत कामाला जातात. अनेकजण ठेकेदारामार्फत लागतात. विद्यार्थी मित्रांनो, नोकरी स्वीकारताना पगार किती एवढेच विचारू नका. कामाचे तास किती, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, नेमणूक कायम की ठेक्यावर, हेही विचारा. एकटा कामगार मालकाशी बरोबरीने बोलू शकत नाही. कायद्याचे ज्ञान आणि संघटना असेल तरच ती बरोबरी येते. ते ज्ञान मिळविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.