गाऱ्हाणे ऐकायला शिकवणारे साहित्य

सुमारे चार हजार वर्षांपूर्वी रचल्या गेलेल्या एका इजिप्शियन कथेत खून-अनुप नावाचा साधा माणूस मीठ, खार, कातडी असा माल गाढवांवर लादून धान्य आणायला निघतो. वाटेत नेमतीनख्त नावाचा एक दांडगा इसम अरुंद पायवाटेवर मुद्दाम कापड अंथरून ठेवतो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला जवाचे शेत. कापड तुडवू नये म्हणून गाढवे शेताच्या कडेने वळतात आणि त्यातले एक तोंडभर जव खाते. तेवढे निमित्त पुरते. नेमतीनख्त गाढवे काढून घेतो आणि वर खून-अनुपलाच बदडतो. खून-अनुप राजाचा मुख्य कारभारी रेन्सी याच्याकडे दाद मागतो. रेन्सीभोवतीचे अधिकारी प्रकरण झटकून टाकतात. थोड्याशा मिठासाठी आणि खारासाठी आपल्यातल्या माणसाला शिक्षा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. रेन्सीला मात्र या माणसाच्या बोलण्याचे विलक्षण अप्रूप वाटते. तो ते राजाच्या कानावर घालतो आणि राजा हुकूम देतो की त्याला उत्तर देऊ नका, बोलत ठेवा आणि जे बोलेल ते लिहून घ्या. तोवर त्याला आणि त्याच्या बायकामुलांना उपाशी ठेवू नका, पण ही रसद कोणाकडून येते हे त्याला कळू देऊ नका. खून-अनुप नऊ वेळा गाऱ्हाणे मांडतो, मध्ये रेन्सीच्या माणसांचा मारही खातो आणि दर वेळी अधिक धारदार बोलतो. शेवटी त्याचे सगळे बोलणे नव्या पपायरसवरून वाचले जाते आणि नेमतीनख्तची मालमत्ता त्याच्या हवाली होते.

इजिप्तच्या प्राचीन लेखनाविषयी आपल्याकडे जो समज आहे त्यात ही कथा बसत नाही. थडग्यांच्या भिंती, ममीसोबत ठेवलेले मृतांसाठीचे मंत्र, राजांच्या विजयाचे शिलालेख हेच तिथले वाङ्मय, असे बहुतेकांना वाटते. ते सारे होतेच. पण इ.स.पू. २००० नंतरच्या काही शतकांत, ज्याला मध्य राज्यकाळ म्हणतात त्या काळात, जिवंत माणसांसाठीही साहित्य बहरले. कथा, उपदेश, संवाद, विलापिका असे त्याचे प्रकार होते आणि पुढच्या पिढ्यांनी तेच अभिजात मानले. माझे म्हणणे असे की या साहित्याने समाजात एक नेमके काम केले. ज्यांच्या हाती लेखणी होती, म्हणजेच ज्यांच्या हाती धान्याचे कोठार, शेतसारा आणि न्यायनिवाडा होता, त्यांना आपली सत्ता कशासाठी आहे हे त्याने पुन्हापुन्हा सांगितले. ऐकून घेणे हे अधिकाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे, हा त्याचा गाभा होता.

हे समजण्यासाठी वाचणारे कोण होते ते पाहावे लागते. इजिप्तमध्ये लिहिता-वाचता येणारे लोक लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रोजचे लेखन देवळांवरच्या चित्रलिपीत होत नसे. त्यासाठी हायरॅटिक नावाची वळणदार, झरझर लिहिता येणारी लिपी होती. ती शिकायची म्हणजे जुने ग्रंथ उतरवून काढायचे. राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांचे गाव देर अल-मदिना येथे होते. तिथे चुनखडीच्या चिपांवर आणि खापऱ्यांवर असे उतारे हजारोंनी सापडले आहेत. कवितेच्या ओळी कुठे तुटतात ते दाखवायला शाईचे लाल ठिपके दिलेले त्यांत दिसतात. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातल्या एका मोठ्या चुनखडीच्या चिपेवर सिनुहे या परागंदा झालेल्या दरबाऱ्याच्या कथेचा बराच मोठा भाग आहे, आणि ती लिहिली गेली तेव्हा मूळ कथेला सहा शतके उलटून गेली होती. म्हणजे कारकुनी शिकणाऱ्या मुलाच्या हाताला वळण लागत होते ते साहित्य गिरवून. हिशेब आणि पत्रव्यवहार शिकता शिकता त्याच्या मनात कथा आणि उपदेश रुजत होते.

या पाठांमध्ये वर्गाचा अहंकारही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. खेतीच्या नावावर असलेल्या उपदेशात एक बाप मुलाला नावेतून दक्षिणेकडच्या शाळेत घेऊन जातो आणि वाटेत कुंभार, न्हावी, परीट, शेतकरी यांच्या कष्टांची एकेक करून खिल्ली उडवतो. प्रत्येक धंद्यात वर कोणीतरी मुकादम असतो, लेखनिक मात्र स्वतःच मुकादम, असा त्याचा निष्कर्ष आहे. हाच उतारा शाळांमध्ये अतिशय लोकप्रिय होता. पण तुझ्या डोक्यावर कोणी नाही असे ज्या मुलाला सांगितले जाते, त्यालाच तुझ्या हाताखाली कोण आहे हेही सांगावे लागते. ते काम दुसरे ग्रंथ करतात. वजीर प्ताहहोतेपच्या नावावरचा उपदेश बजावतो की तक्रार घेऊन आलेल्याचे पोटातले सगळे बाहेर येईपर्यंत शांतपणे ऐका, कारण त्याला काम होण्यापेक्षाही ऐकून घेतले जाण्याची ओढ अधिक असते. अमेनेमोपेचा उपदेश तर थेट कचेरीतला आहे. धान्य आणि शेतजमिनी यांची व्यवस्था पाहणारा अधिकारी त्यात आपल्या मुलाला सांगतो की बांधाचे दगड सरकवू नकोस, मापात खोट करू नकोस, आणि गरिबाच्या नावावर मोठी थकबाकी निघाली तर तिचे तीन भाग करून दोन सोडून दे. या ग्रंथाशी बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या एका भागाचे इतके साम्य आहे की विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून त्यावर सतत चर्चा होत आली आहे. या सगळ्याच्या मुळाशी माआत ही कल्पना होती. सत्य, न्याय आणि जगाची घडी या तिन्ही गोष्टी तिच्यात एकवटल्या होत्या, आणि ती घडी राखणे ही राजापासून कारकुनापर्यंत सर्वांची जबाबदारी होती.

यावर पहिला आक्षेप असा की हे साहित्य राजसत्तेचा प्रचार होते. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज पोझनेर यांनी १९५६ साली बाराव्या राजवंशाच्या काळातल्या साहित्याचा राजकारणाशी असलेला संबंध तपशीलवार मांडला आणि त्यात बरेच तथ्य आहे. नेफेर्तीच्या भविष्यवाणीत अराजकातून सोडवणारा जो राजा येतो, तो त्या वंशाचा संस्थापक आहे हे उघड दिसते. पण केवळ प्रचार असता तर अमेनेमहात राजाच्या उपदेशाचे काय करायचे? त्यात राजा स्वतः सांगतो की रात्रीच्या जेवणानंतर आपण विसावलो असता आपल्याच पहारेकऱ्यांनी आपल्यावर शस्त्र चालवले. ज्याचे राज्य देवाचे, त्याला झोपेत एकाकी आणि हतबल दाखवणारा हा मजकूर पुढे शतकानुशतके शाळकरी मुलांनी गिरवला. मेरिकारेला केलेल्या उपदेशात एक राजा आपल्या सैन्याच्या हातून पवित्र भूमीचा विध्वंस झाल्याची कबुली देतो. वेस्टकार पपायरसमधल्या कथेत खुफू हा बलाढ्य राजा जादूगार जेदीला चमत्कार दाखवायला सांगतो आणि त्यासाठी एका कैद्याचे मुंडके उडवायला निघतो. जेदी नकार देतो. माणसावर हा प्रयोग करायचा नाही, असे तो राजाला तोंडावर सांगतो. मग हंसावर भागवावे लागते. गिझाचा महापिरॅमिड उभारणाऱ्या राजाला मर्यादा घालणारे हे वाक्य कथाकाराने एका सामान्य म्हाताऱ्याच्या तोंडी घातले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. खून-अनुपची वाणी खरे तर शिकलेल्या लेखनिकाची आहे. गरिबाला नऊ वेळा तिष्ठत ठेवून त्याच्या दुःखातून सुंदर भाषा पिळून काढायची आणि राजवाड्यात तिचा आस्वाद घ्यायचा, हे क्रूर नाही का? क्रूर आहेच. पण ती क्रूरता कथेच्या नजरेतून सुटलेली नाही. शांत बसून ऐकणाऱ्या रेन्सीला खून-अनुप थेट चोरांचा साथीदार ठरवतो, आणि ते वाचणारा प्रत्येक अधिकारी रेन्सीच्या जागी असतो. आपल्या दारातला माणूस गप्प बसला नाही तर आपण काय करू, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. शिवाय साहित्य साक्षरांच्या कुंपणात कोंडलेले नव्हते. ते मोठ्याने वाचण्यासाठी रचले जात असे. कथांमधले राजेसुद्धा कोणीतरी सांगितलेले ऐकतात. १८९६ साली थेब्जमध्ये रामेसियम या देवळाच्या कोठारांखालच्या एका थडग्यात एक लाकडी पेटी मिळाली. तिच्या झाकणावर कोल्हा रंगवलेला होता आणि आत बोरूंच्या जुडग्याबरोबर पपायरसच्या गुंडाळ्या होत्या. त्यांतल्या एका गुंडाळीवर पुढे खून-अनुपची कथा, मागे सिनुहेची, आणि शेजारच्या गुंडाळ्यांत आजारपणाचे आणि बाळंतपणाचे मंत्रतंत्र. लोकांच्या घरी जाऊन मंत्र म्हणणाऱ्या माणसाचाच हा संग्रह असावा. कथा अशा लोकांच्या ओठांवरून फिरत होत्या. सुंदर बोल जात्यावर दळणाऱ्या दासींकडेही सापडतात, अशी कबुली तर प्ताहहोतेपच्या उपदेशातच आहे.

मग या सगळ्याने अन्याय थांबला का? थांबला नाही. इ.स.पू. १३००च्या सुमारास होरेमहेब राजाला कर्नाकला जाहीरनामा कोरून लोकांना लुबाडणाऱ्या अधिकाऱ्यांना जबर शिक्षा फर्मावाव्या लागल्या. साहित्याला सत्तेचा लोभ मारता येत नाही. तसा दावा करणेही भाबडेपणाचे होईल. पण गाऱ्हाण्याला प्रतिष्ठा देता येते, आणि ती मिळाली होती. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या आसपास, देर अल-मदिनाच्या कारागिरांना शिधा मिळेना, तेव्हा ते काम टाकून देवळांजवळ जाऊन बसले. आपल्याला भुकेने आणि तहानेने इथवर आणले आहे, कपडे नाहीत, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला आणि वजिराला कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. त्यांचे म्हणणे लिहून घेतले गेले. तो पपायरस आज तुरिनमध्ये आहे. तो लिहिणारा गावचा लेखनिक अमेननख्त असावा, असे मानले जाते, आणि याच अमेननख्तचा स्वतः रचलेला एक उपदेशही उपलब्ध आहे. साहित्य रचणारा आणि उपाशी मजुरांचे शब्द सरकारी कागदावर उतरवणारा माणूस बहुधा एकच होता. संपामागे कथा होती असे मी म्हणत नाही. संपामागे भूक होती. पण मजुराचे बोलणे नोंदवण्याजोगे असते ही जाण ज्या शिक्षणातून येते, ते शिक्षण त्या समाजाजवळ होते.

म्हणूनच एक टक्क्याचे साहित्य म्हणून ते बाजूला सारणे मला मान्य नाही. ज्या समाजात राजा देव मानला जातो आणि लेखणी मोजक्या घराण्यांच्या हाती असते, तिथे अन्यायाला अन्याय म्हणण्याचे माप कुठेतरी जपून ठेवावे लागते. इजिप्तने ते कारभाऱ्यांच्याच पाठ्यपुस्तकात ठेवले. उच्चपदस्थ आपल्या थडग्यावर भुकेल्याला अन्न दिले, उघड्याला वस्त्र दिले असे कोरून घेत. त्यातले सगळे खरे नसेलही; पण मेल्यावर बढाई मारायची तर ती दुबळ्यांच्या सेवेचीच मारावी लागत होती. मोठेपणाची व्याख्या साहित्याने इतकी पक्की करून ठेवली होती की खोटे बोलणाऱ्यालाही तिच्याच आधाराने बोलावे लागे. राज्यकर्त्यांना ज्या कसोटीवर पारखायचे ती कसोटी त्यांनाच बालपणी पाठ करायला लावणे, याहून मोठे सामाजिक काम साहित्याकडून क्वचितच झाले असेल.